वारसा सांगता, तर फाळ द्या

शेतीची अवजारं बनवणाऱ्या एखाद्या घराण्याच्या कंपनीला शंभर वर्षं झाली, किंवा त्या घराण्यातल्या भाऊबंदांचं भांडण कोर्टात गेलं, की आपल्याकडे एक ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरानं सांभाळलेला धंदा म्हणजे सचोटी, धीर आणि मातीशी नातं. दर तीन महिन्यांनी शेअरबाजाराला तोंड दाखवणाऱ्यांना ते जमायचं नाही. दुसरी बाजू म्हणते, ही सगळी जाहिरात आहे. बापाच्या खुर्चीत मुलगा बसला यात कौतुक कसलं? वाद रंगतो, पण सगळा आडनावावर. ज्या वस्तूमुळे हे आडनाव शेतकऱ्याच्या तोंडी बसलं तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. माझं म्हणणं असं, की अवजार बनवणाऱ्याचा वारसा म्हणजे त्याच्या घराण्यानं आजवर विकून ठेवलेल्या यंत्रांचं देणं. बापाच्या नावावर पत मिळवायची असेल, तर बापाचं कर्जही अंगावर घ्यावं लागतं. आणि हे कर्ज मोजायचं माप अगदी साधं आहे: तुमच्या जुन्या नांगराचा फाळ, म्हणजे माती कापणारं झिजणारं पातं, आज मिळतो का?

महाराष्ट्रात हा विषय निघाला की किर्लोस्करांपासूनच सुरुवात होते, आणि ते रास्तही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र बनवलं, आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. सुरुवातीची दोन वर्षं नांगर कुणी घेईना, कारण लोखंडानं जमीन विषारी होते असा समज होता. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगानं भरलेला माळ दिला, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले, ही गोष्टही पाठ असते. 1920 मध्ये कंपनी रीतसर नोंदली गेली, त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू झालं, 1926 च्या सुमारास पंप आले, 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. आज किर्लोस्कर म्हटलं की लोकांना पंप आणि इंजिन आठवतं. नांगर उरला तो भाषणात.

या कथेतला विषाचा भाग नेहमी शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो. जरा थांबून विचार करा. लाकडी नांगराला तरी काय लावलेलं असायचं? बाभळीच्या लाकडात बसवलेली लोखंडाचीच पट्टी. गावोगावचे लोहार शेकडो वर्षं तो फाळ घडवत होते आणि तोच जमिनीत जात होता. मग लोखंडाची एवढी भीती अचानक कुठून आली? विषाची समजूत चुकीची होतीच, त्यात शंका नाही. पण नव्या अवजाराकडे संशयानं बघणाऱ्याच्या डोक्यात दुसराही हिशेब असतो, आणि तो अजिबात अडाणी नसतो: हे मोडलं तर दुरुस्त कोण करणार?

लाकडी नांगराचा फाळ घडीव लोखंडाचा. झिजून बोथट झाला की लोहाराकडे न्यायचा. तो भट्टीत लाल करून, ऐरणीवर ठोकून, टोक पुन्हा ओढून द्यायचा. नांगर तासाला, म्हणजे नांगरटीच्या चरीला, लागण्याआधी सकाळीच काम उरकायचं. नव्या लोखंडी नांगराचा फाळ बिडाचा, म्हणजे ओतीव. बीड कठीण असतं, घासायला टिकतं, पण त्याला घाव सोसत नाही. भट्टीत घालून ठोकलं तर तुकडे पडतात. गावच्या लोहाराच्या हातात जी दुरुस्ती होती, ती लोखंडी नांगरानं उचलून दूरच्या ओतशाळेत नेली. त्याच्या मोबदल्यात शेतकऱ्याला बरंच मिळालं, हेही तितकंच खरं. लाकडी नांगर माती फाडतो, पलटत नाही; त्याचं तास खाली निमुळतं, दोन तासांच्या मध्ये न नांगरलेला कणा राहतो, म्हणून आडवी-उभी नांगरट करावी लागते. लोखंडी नांगराचा फाळ मातीचा चौकोनी काप खालून कापतो आणि वरचा वाकडा पंखा तो काप उलथून टाकतो. हरळी-कुंद्याची मुळं उन्हात येतात, धसकटं गाडली जातात. सौदा फायद्याचा होता. पण सौद्याला अट होती, आणि ती बनवणाऱ्यावर होती: आम्ही तुमच्या लोहाराची जागा घेतोय, तर फाळ आम्ही पुरवू.

ही अट किती खोल जाते ते फाळाकडे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. नांगर जमिनीत शिरतो तो वजनानं नाही, फाळाच्या बसणीनं. नांगर सपाट फरशीवर ठेवून फाळाच्या टोकापासून मागच्या टाचेपर्यंत सरळ पट्टी लावली, तर मध्ये साधारण 3 ते 5 मिलिमीटरची फट दिसायला हवी. टोक किंचित खाली झुकलेलं असतं म्हणून ही फट पडते, आणि तीच नांगराला खाली ओढते. बाजूनंही अशीच थोडी फट असते, तिच्यामुळे नांगर तासाची रुंदी धरून ठेवतो. टोक झिजलं की फट जाते. मग नांगर उडायला लागतो. बैलांचा नांगर असेल तर माणूस रुमण्यावर, म्हणजे मुठीवर, वजन टाकतो. ट्रॅक्टरचा असेल तर ड्रायव्हर टॉप लिंक, म्हणजे नांगर जोडणारा वरचा दांडा, आखडतो; त्यानं नाक खाली दाबलं जातं. एक-दोन एकर बरं चालतं. पण आता टाच उचललेली असते, बाजूपट्टी तासाच्या भिंतीला टेकत नाही, नांगर बाजूला सरकतो, तासाचा तळ वरखाली होतो आणि सगळा भार टोकावर आल्यानं ते आणखी झपाट्यानं झिजतं. ट्रॅक्टरचं चाक फिरतं, डिझेल जळतं, आणि शेतकरी म्हणतो कंपनीचा नांगर खराब निघाला. नांगर चांगला असतो. वीस मिनिटांत बदलता येणारा एक भाग बाजारात नसतो. दोनफाळी नांगराला एकच नवा मिळाला म्हणून एकच बदलला, तर पुढचं तास खोल आणि मागचं उथळ. तेही काही खरं नाही.

हा प्रश्न सगळ्यात आधी नीट ओळखला तो इंग्लंडातल्या रॅन्सम घराण्यानं. रॉबर्ट रॅन्समनं 1785 मध्ये ओतीव फाळ कठीण करण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं, 1789 मध्ये तो इप्सविचला आला. 1803 मध्ये त्यानं फाळाची खालची बाजू ओतताना थंड लोखंडावर टेकवली. वितळलेलं बीड तिथं चटकन थिजून फार कठीण झालं, वरची बाजू मऊ राहिली. शेतात वरची बाजू लवकर झिजते, खालची टिकते, त्यामुळे धार आपोआप राहते. पण माझ्या मते त्या घराण्याची खरी करामत 1808 ची: नांगराचे भाग अशा ठरलेल्या मापात करायचे की शेतकऱ्यानं ते शेताच्या बांधावर स्वतः बदलावेत. लोहाराच्या हातून दुरुस्ती काढून घेतली, आणि ती शेतकऱ्याच्याच हातात दिली. सौदा पुरा झाला तो इथं.

घराण्याच्या मालकीची बाजू घेणारे इथं खूश होतील, कारण रॅन्सम हे चांगलं उदाहरण आहे. त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आपणही मान्य करू: शेतीच्या यंत्राला वेळ लागतो आणि घराणं थांबू शकतं. वर्षातून नांगरटीचे किंवा काढणीचे मोजके आठवडे मिळतात. नमुना त्यात चुकला तर सुधारून पुन्हा पाहायला पुढचं वर्ष. दोन वर्षं एक नांगर खपत नसताना भट्टी पेटती ठेवणं पगारी व्यवस्थापकाला परवडलं नसतं. जर्मनीतल्या क्लास कुटुंबानं 1913 मध्ये कारखाना काढला, 1921 मध्ये पेंढ्याला गाठ मारणाऱ्या भागाचं पेटंट घेतलं, आणि युरोपच्या ओल्या, लांब काडाच्या पिकाला चालेल असं कापणी-मळणी यंत्र दाखवलं ते 1936 मध्ये. तोपर्यंत अमेरिकी यंत्रं तिथं अडकत होती, आणि इतर बनवणारे हे इकडे चालणारच नाही म्हणून मोकळे झाले होते. लेम्केन तर 1780 सालची लोहाराची भट्टी; सात पिढ्या नांगरच बनवले, आणि त्याच घरानं पुढे नागपूरजवळ बुटीबोरीला नांगर बनवायला सुरुवात केली. इतका धीर विकत मिळत नाही.

पण धीर कशासाठी धरला ते विचारायला नको का? आणि तो कुणाच्या जिवावर धरला? किर्लोस्करवाडीचा धीर एकट्या घराण्याचा नव्हता. औंधच्या राजानं जमीन दिली, बंधू रामूअण्णांनी वसाहत उभारली, पदवी नसलेले शंभोराव जांभेकर यंत्रं चालवत आणि जुळवत, अनंतराव फळणीकर आणि मंगेशराव रेगे बाकीचा संसार ओढत. सजा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या राखणीवर ठेवलं होतं. वारशाच्या कथेत हे सगळे एका आडनावाच्या पोटात जातात. शेतकऱ्याचं तर नावच येत नाही, आणि आपल्या काळ्या रानात नांगर कुठं चिकटतो, कुठं मोडतो हे फुकट सांगणारा तोच पहिला परीक्षक होता.

आणि धीर, दर्जा, गिऱ्हाइकाची जाण हे सगळं असूनही रॅन्समचं पुढे काय झालं? गवत कापायच्या यंत्रांत नाव झालं, नांगराचा धंदा 1987 मध्ये विकला, आणि 1998 मध्ये उरलेली कंपनीही अमेरिकी मालकाकडे गेली. जवळजवळ दोनशे वर्षांचा वारसा दोन सह्यांत संपला. मग त्या नांगरांचं देणं कुणी फेडायचं? इथं घराण्याची बाजू घेणारे गप्प असतात, कारण त्यांच्या मते वारसा रक्तात असतो आणि रक्त तर विकलं गेलेलं नाही.

दुसरा त्यांचा मुद्दा शब्दाचा: घराणं दिलेला शब्द पाळतं, कागद लागत नाही. यावर ट्रॅक्टरच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं उत्तर आहे. 1938 मध्ये हेन्री फोर्ड आणि आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन यांनी हातात हात देऊन करार केला, कागद झाला नाही. फर्ग्युसनची मागची तीन बिंदूंची जोडणी फोर्डच्या ट्रॅक्टरवर बसली, 1939 मध्ये तो ट्रॅक्टर आला, आणि नांगर ओढायची पद्धतच बदलली. नांगराचं आणि मातीचं वजन मागच्या चाकांवर यायला लागलं, म्हणून हलका ट्रॅक्टरही जड काम करू लागला. पुढे सूत्रं फोर्डच्या नातवाच्या हाती आली. त्याला तो हस्तांदोलनाचा करार तोट्याचा वाटला. त्यानं तो मोडला आणि तशीच जोडणी असलेला स्वतःचा ट्रॅक्टर 1947 मध्ये बाजारात आणला. फर्ग्युसननं 25 कोटी 10 लाख डॉलरचा दावा लावला. 1952 मध्ये 92.5 लाख डॉलरवर तडजोड झाली. आजोबानं दिलेला हात नातवानं सोडवून घेतला. घराणं तेच, आडनाव तेच.

या भांडणातून शेतकऱ्याला काय मिळालं ते मात्र कुणी सांगत नाही. ती जोडणी पुढे सगळ्यांची झाली, तिची मापं ठरली. आज महाराष्ट्रात 45-50 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला लागणाऱ्या पल्टी नांगराच्या खालच्या पिना 28 मिलिमीटरच्या, वरची साधारण 25 ची. ट्रॅक्टर लाल असो, निळा असो की हिरवा, नांगर बसतो. शेतकऱ्याला कुठल्याही घराण्याच्या शब्दावर विसंबावं लागत नाही, कारण माप सार्वजनिक आहे. वारशाचा गौरव करायचा असेल तर असल्या मापांचा करा.

दुसऱ्या बाजूकडे वळू. ती म्हणते घराणं, परंपरा हे सगळं भावनेचं. बाजार खुला सोडा, जो स्वस्त आणि चांगलं देईल तो टिकेल. यात तथ्य आहे, आणि ते आपल्याच रानात दिसतं. आंतरमशागतीच्या छोट्या पॉवर विडरवर वेगवेगळे स्टिकर लावलेले असतात, पण इंजिन पाहिलं तर बहुतेक 168 किंवा 170 या एकाच घाटाचं. कार्ब्युरेटर, एअर फिल्टर, रीकॉइलची दोरी, सगळं एकाचं दुसऱ्याला चालतं. आयात करणारा गाशा गुंडाळून गेला तरी तालुक्याच्या दुकानात भाग मिळतो. याहून मोठं उदाहरण विहिरीवरच्या इंजिनाचं. इंग्लंडातल्या डर्स्ली गावी 1867 मध्ये लिस्टर घराण्यानं कारखाना काढला. 1930 च्या आसपास त्यांचं सावकाश फिरणारं डिझेल इंजिन आलं, पाच अश्वशक्ती, मिनिटाला 600 फेरे, दोन जड फ्लायव्हील. 1965 मध्ये कंपनी घराण्याच्या हातून गेली, 1980 च्या दशकात ते इंजिन बनणंही थांबलं. पण राजकोटच्या कारखान्यांनी ते सोडलं नाही. लायनर, पिस्टन, नोझल, बेअरिंग, सगळं ‘लिस्टर टाइप’ म्हणून मिळत राहिलं. त्या घराण्याचं देणं फेडलं ते घराण्याशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांनी.

मग बाजाराचीच बाजू खरी? अर्धीच. राजकोटला ते इंजिन करता आलं, कारण ते उघडून, मापून, साच्यात ओतता येत होतं. जे यंत्र पान्यानं उघडतं त्याची नक्कल होते आणि भाग मिळतात. जे उघडत नाही त्याचं काय? जॉन डीअरची कथा याच्या दोन्ही टोकांना आहे. 1837 मध्ये इलिनॉयमध्ये त्या लोहारानं मोडक्या करवतीच्या पोलादाचा गुळगुळीत नांगर केला, कारण तिथली काळी चिकट माती ओतीव पंख्याला लगदा होऊन बसायची आणि शेतकऱ्याला दर काही पावलांनी थांबून ती खरडावी लागायची. आपल्या काळ्या रानात वाफसा नसताना नांगर घातलेला कुणीही हे ओळखेल. त्याच्या घरच्यांनी आणि जावयांच्या पिढ्यांनी 1982 पर्यंत कंपनी चालवली. आणि आता? ट्रॅक्टरमधला बिघाड शोधण्याचं पुरं सॉफ्टवेअर फक्त अधिकृत डीलरला देऊन दुरुस्तीची मक्तेदारी केली, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जानेवारी 2025 मध्ये त्या कंपनीवर दावा लावला. कोलोरॅडो राज्यानं तर 2023 मध्येच शेतकऱ्याला स्वतःचं यंत्र दुरुस्त करायचा हक्क देणारा कायदा केला. लोहारानं सुरू केलेल्या कंपनीविरुद्ध लोहारकामाचा हक्क मागायला शेतकऱ्याला कायदेमंडळात जावं लागलं. बाजारानं हे आपोआप सोडवलं असतं तर कायदा कशाला लागला असता?

म्हणून मी परत लोहाराकडे येतो. आपल्याकडचा सगळ्यात जुना, घराण्याच्या मालकीचा अवजारं बनवणारा तोच, आणि त्याच्या भट्टीवर कुणी ‘स्थापना’ लिहून पाटी लावली नाही. बलुत्याची पद्धत पाहा. लोहार-सुतारांना नगावर पैसे मिळत नसत. सुगीला खळ्यावर धान्य मिळायचं, आणि त्याच्या बदल्यात वर्षभर अवजार चालू ठेवायची जबाबदारी त्यांची. मोबदला नांगर विकल्याचा नव्हता, नांगर थांबू न दिल्याचा होता. ही पद्धत परत आणा असं म्हणणं निव्वळ क्रूरपणा ठरेल. तिनं माणसाला जातीला जखडलं, खळ्यावर पाटलाच्या मर्जीची वाट बघायला लावली, हुशार हाताला गावाबाहेर जाऊ दिलं नाही. पण देवघेवीच्या त्या एका कलमाचा विचार करा: बनवणाऱ्याचं हित आणि शेतकऱ्याचं हित एकाच गोष्टीत होतं. आजच्या कंपनीचं हित नवं यंत्र खपण्यात आहे. तिच्या जुन्या यंत्राला सुटा भाग मिळाला नाही तर तोटा शेतकऱ्याचा होतो, आणि कदाचित तिचं नवं यंत्रही खपतं.

कंपन्यांची तक्रारही खोटी नाही. तीस वर्षांपूर्वीच्या नमुन्याचे वर्षाला मोजके फाळ मागवले जातात. त्यासाठी लाकडी साचा जपून ठेवायचा, तो फुगतो, तडकतो, वाळवी लागते. ओतशाळेत किमान घाणा निघाल्याशिवाय भट्टी परवडत नाही. गोदामात माल पडून राहतो आणि पैसा अडकतो. शिवाय भाग कुणीही बनवू लागलं तर नकली माल येतो, तो मोडतो आणि नाव कंपनीचं जातं. रंग, घाट, भोकं सगळं हुबेहूब, पण पोलाद साधं. बोरॉनच्या पोलादाला कडकपणा देऊन बनवलेल्या फाळापुढे असला फाळ मुरमाड रानात किती टिकणार? ओळखायची रीत सोपी आहे, पण माहीत असायला हवी: कानस फाळाच्या टोकावर घासावी. कडक केलेल्या फाळावरून ती घसरते, साध्या लोखंडात चावते.

ही तक्रार खरी मानली तरी तिचं उत्तर गोदामात नाही, कागदात आहे. भाग ठेवणं परवडत नसेल तर माप द्या. नमुना बंद करताना झिजणाऱ्या भागांची चित्रं खुली करा: फाळाची लांबी, भोकांमधलं अंतर, बोल्टच्या डोक्याचा उतार, पोलादाचा प्रकार, कडकपणा किती. एवढं मिळालं तर कोल्हापुरातल्या फाउंड्रीला ते भाग ओतून द्यायला वेळ लागत नाही. त्या गावानं इंजिनांचे आणि पंपांचे भाग ओततच आपली ओळख कमावली आहे. नकली मालाची भीती तर उलटी आहे. माप चोरून घ्यावं लागतं तेव्हाच नकली बनतं, कारण चोरणाऱ्याला भोकं मोजता येतात, पोलादाचा प्रकार मोजता येत नाही.

एक छोटी वस्तू घ्या, शिअर बोल्ट. पल्टी नांगराच्या पायाला हा बोल्ट मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो: दगड लागला की तो तुटावा, पाय वाचावा. नेमका त्या ताकदीचा बोल्ट दुकानात नसला की शेतकरी हाताला लागेल तो घालतो. 8.8 दर्जाच्या जागी त्याहून मजबूत 10.9 चा बसला की पुढच्या दगडाला बोल्ट तुटत नाही, पाय वाकतो किंवा चौकट पिळते. काही रुपयांच्या वस्तूसाठी हजारोंचा खर्च. दोष शेतकऱ्याचा? नांगरावर बोल्टचा दर्जा ठसा मारून लिहिलेला असता, तर त्यानं तोच मागितला असता.

सरकारनं इथं काही करण्यासारखं आहे. कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानात अवजाराला 40 ते 50 टक्के अनुदान मिळतं. त्यासाठी अवजाराची चाचणी झालेली असावी लागते. 1955 मध्ये सुरू झालेली मध्य प्रदेशातली बुधनीची संस्था हे काम करते. चाचणीत फाळाचं पोलाद, कडकपणा पाहिला जातो, हे चांगलंच आहे. पण तो फाळ दहा वर्षांनी मिळेल का, हा रकाना त्या अहवालात नाही. अनुदान सार्वजनिक पैशाचं, मग झिजणाऱ्या भागांची चित्रं सार्वजनिक का नसावीत? लहान तालुक्यातला पाभर-कोळपे अशी पेरणी-कोळपणीची अवजारं बनवणारा बाप-लेकांचा कारखाना आणि शंभर वर्षांचं घराणं, दोघांना एकच अट लावा. त्यात लहानाचा फायदाच आहे. त्याच्या अवजाराला भाग गावातच मिळतो, हे तरी एकदा कागदावर येईल.

भाऊबंदांच्या भांडणाबद्दल एवढंच. किर्लोस्कर कुटुंबातला 2009 च्या कौटुंबिक करारावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2021 मध्ये न्यायालयानं मध्यस्थीनं मिटवायला सुचवलं. नाव कुणी वापरायचं, कुठला धंदा कुणी करायचा नाही, यावर दोन्हीकडचे वकील बोलतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. वर्तमानपत्रं ते घराण्याच्या वारशाचं भांडण म्हणून छापतात. पण अशा खटल्यात जुन्या यंत्रांच्या मालकाला पक्षकार करायची सोय नाही. नाव एका भावाकडे, गोदाम दुसऱ्याकडे आणि साचे तिसऱ्याकडे गेले, तर त्यानं कुणाचं दार वाजवायचं? साताऱ्याच्या कूपरांचाही लोखंडी नांगराचा कारखाना होता. त्याचे संस्थापक सरदार धनजीशा कूपर 1937 मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला असं म्हणत) झाले, आणि पुढे कारखान्याची मालकी दुसऱ्यांकडे गेली. इतिहासात ते राजकारणी म्हणून राहिले. नांगर कुणाच्या नावावर राहिले ते शोधावं लागतं.

जुना बिडाचा नांगर अजूनही कुठं गोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवलेला सापडतो. पंखा उलटा करून मागची बाजू तारेच्या ब्रशनं घासली आणि रॉकेलचा हात फिरवला, की गंजाखालून ओतताना उठवलेले आकडे वर येतात, कधी दोन, कधी तीन. बनवणाऱ्यानं ते शोभेसाठी टाकले नव्हते. फाळ झिजला की पोस्टकार्डावर तेवढे आकडे लिहून पाठवायचे, कारखान्यात त्या आकड्याचा साचा शोधायचे आणि रेल्वेनं फाळ यायचा. शताब्दीचा अंक काढणाऱ्या कुणालाही हे आकडे पाठवून बघावेत.